टायर नव्यासारखे दिसतात, तरी पावसात गाडी सुटते: दर जूनची तक्रार

वळवाच्या दोन सरी आल्या की ही तक्रार सुरू होते. गाडी साधी नसते. ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी, मिनी, बीएमडब्ल्यूची झेड4, पोर्शेची एखादी 718. टायर नावाजलेल्या कंपनीचे, नक्षी भरपूर शिल्लक, ट्रॅक्शन कंट्रोल चालू. तरी चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेक दाबला की पुढची चाकं पुढेच जात राहतात. कामशेतच्या आसपास रस्त्यावर पाणी साचलेलं असलं की स्टिअरिंग हातात हलकं पडतं. ताम्हिणीत वळणातून बाहेर पडताना जरा गॅस दिला की मागची बाजू फेकते. मालक वैतागून चारही टायर बदलतो, त्या वर्षी बरं वाटतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा तेच गाऱ्हाणं. मग शिक्का बसतो: "तो ब्रँड पावसात बेकारच."

ब्रँडचा दोष यात असतो, पण फार थोडा. तक्रार परत परत येते, कारण "पावसात घसरते" या एका वाक्याखाली तीन-चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि सगळ्यांवर उपाय मात्र एकच केला जातो, नवे टायर. कारण न शोधता टाकलेला नवा टायरही त्याच कारणाने जुना होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कारचा टायर पावसाकडे बघून निवडावा. कोरड्या रस्त्यावर आजचा कुठलाही बरा परफॉर्मन्स टायर इतकी पकड देतो की कायद्यात राहून ती पुरती वापरताच येत नाही. पकड कमी पडते ती जून ते सप्टेंबर, तीही घाटात.

कधी सुटते, ते आधी ठरवा

सरळ रस्ता, वेग ऐंशीच्या वर, पाण्याचा पट्टा. स्टिअरिंग एकदम रिकामं होतं, आरपीएमचा काटा क्षणभर वर जातो, पाण्यातून बाहेर आल्यावर गाडी पुन्हा पकडते. हे हायड्रोप्लेनिंग, म्हणजे टायर पाण्यावर तरंगणं. इथे बघायचं ते हवा, नक्षीची खोली आणि टायरची रुंदी. रबर किती मऊ आहे याला इथे काही अर्थ नाही, ते रस्त्याला लागलेलंच नसतं.

आता याच्या उलट. वेग चाळीसचा, रस्ता नुसता ओलसर, पाणी कुठेच साचलेलं नाही. तरी सिग्नलला थांबताना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) कुरकुरतं, फ्लायओव्हर चढताना ईएसपीचा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो. इथे पाणी बाजूला सारण्याचा प्रश्नच नाही. रबर कडक झालं आहे, किंवा ते मुळातच या कामाचं नाही. पहिल्या पावसाचा दिवस असेल तर रस्त्याचाही दोष धरा. आठ महिन्यांचं तेल, धूळ आणि घासलेलं रबर थोड्या पाण्यात कालवलं जातं आणि त्याचा चिकट थर बसतो. तास-दोन तास जोरात पाऊस झाला की तो बराचसा वाहून जातो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात गाडी घसरली म्हणजे लगेच टायरच्या दुकानात धावायचं कारण नाही. जुलैत, धुतलेल्या रस्त्यावरही तेच होत असेल तर धावा.

फक्त मागचीच बाजू सुटत असेल तर पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये फरक आहे का ते बघा: झीज, वय, किंवा चक्क वेगळं मॉडेल. पाण्यात शिरताना गाडी दर वेळी एकाच बाजूला ओढत असेल तर त्या बाजूची हवा किंवा झीज बघा. आणि ठरावीक जागीच घसरत असेल, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, पुलाच्या लोखंडी सांध्यावर, किंवा वरंध घाटातल्या दिवसभर ऊन न लागणाऱ्या वळणावर ऑगस्टमध्ये साठलेल्या शेवाळावर, तर कुठलाही टायर तिथे घसरणारच. तो वेग कमी करायचा विषय आहे.

हवा: खरा चोर इथे बसतो

ही तपासणी फुकट आहे म्हणून तिला कोणी मान देत नाही. मे महिन्यात घडतं काय ते बघा. दुपारी एक्सप्रेस वेने आलेली गाडी पंपावर उभी राहते. टायर तापून पन्नास-पंचावन्न अंशांवर गेलेला. हवा भरणाऱ्या पोराला तुम्ही सांगता "तेहतीस कर," तो इमानदारीत तेहतीस करतो. आता तोच टायर जुलैच्या सकाळी चोवीस अंशांच्या हवेत उभा आहे. वायूचा साधा नियम लावला तर तेहतीसचे साडेअठ्ठावीस उरतात. दर महिन्याला थोडी हवा आपोआप झिरपते, ती धरली की सत्तावीस. टायर कुठेही पंक्चर नाही, कोणी काही चुकीचं केलेलं नाही, आणि पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, वरचे आकडे त्यातलेच) हवा गेलेली आहे.

याचा पाण्याशी थेट संबंध आहे. नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून काढलेलं एक सूत्र आहे. पीएसआयमधल्या हवेचं वर्गमूळ घ्या, त्याला साधारण 16.6 ने गुणा. येतो तो ताशी किलोमीटरमधला वेग, ज्याच्या आसपास टायर साचलेल्या पाण्यावर पूर्ण तरंगू लागतो. तेहतीसला उत्तर येतं 95. सत्तावीसला 86. कारच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत. भरपूर नक्षी असलेला टायर थोडा जास्त तग धरतो, गोटा झालेला रुंद टायर त्याच्याही आधी तरंगतो. पण दिशा कळायला हे सूत्र पुरेसं आहे. एक्सप्रेस वेवर सपाटीला कारची मर्यादा 100 आहे, समृद्धीवर 120. म्हणजे कायदा पाळूनही तुम्ही तरंगण्याच्या वेगाच्या वर असू शकता, आणि हवा कमी असेल तर बरेच वर.

समृद्धीचं नाव निघालंच आहे तर एक गैरसमज. सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात या धास्तीने उन्हाळ्यात लोक मुद्दाम हवा कमी ठेवतात. उलट कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि फुटायची शक्यता वाढते. तीच कमी हवा मग जूनमध्ये इगतपुरीच्या पावसात तशीच राहते. "पावसात दोन पॉइंट कमी ठेवा, पकड वाढते" हा दुसरा सल्ला. चिखलात जीप चालवणाऱ्याला तो ठीक आहे. डांबरी रस्त्यावर, साचलेल्या पाण्यात, कमी हवेने टायरचा मधला भाग आत दबतो आणि पाण्याला तिथे घर मिळतं.

तेव्हा हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, स्वतःच्या मापकाने तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. टायरच्या साइडवॉलवर कोरलेला कमाल आकडा भरायचा नसतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी चुकत नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तेवढाच आकसतो.

दाब बरोबर करून तक्रार गेली तर पुढचं वाचायची गरज नाही. बऱ्याच जणांची इथेच जाते.

नक्षी आहे, पण रबर मेलेलं आहे

स्पोर्ट्स कारचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. रोजच्या गाडीचा टायर तीन वर्षांत गोटा होतो, तेव्हा बदलावाच लागतो. रविवारच्या गाडीचं तसं नाही. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर, बाकी वेळ पार्किंगमध्ये, अर्धी बाजू उन्हात. सात वर्षांनीही नक्षी सहा मिलिमीटर. मालक अभिमानाने दाखवतो.

ओल्या रस्त्यावर पकड कशी मिळते हे कळलं की यातली गोम कळते. रस्त्याच्या खडीवर डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा असतो. मऊ रबर त्यात शिरतं, दबतं, परत वर येताना ऊर्जा खातं, आणि त्यातून पकड तयार होते. उष्णता, ऊन आणि ओझोनने रबर वर्षागणिक कडक होत जातं, त्यातले मऊपणा देणारे घटक हळूहळू निघून जातात. कोरड्या रस्त्यावर हे सहज लक्षात येत नाही. पाण्याचा पातळ थर आला की लगेच उघडं पडतं.

वय बघणं सोपं आहे. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे बघा. 1917 म्हणजे 2017 सालचा एकोणिसावा आठवडा. अडचण एवढीच की हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात, आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवून, मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या आत वाकून बघावं लागतं. मागच्या चाकांसाठी गाडी लिफ्टवरच घ्या. दुकानदार बाहेरच्या बाजूवर हात फिरवून "इथे नाय दिसत साहेब" म्हणाला म्हणून सोडून देऊ नका. नखाने रबर दाबून बघण्यावरही माझा विश्वास नाही, गार टायर सगळेच कडक लागतात. शंका असेल तर ड्युरोमीटर नावाचं काट्याचं छोटं उपकरण मिळतं. दुकानात त्याच मॉडेलचा नवा टायर असेल तर दोन्हींवर टेकवून आकडे ताडून बघा. फरक मोठा असेल तर वाद संपला.

टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासा आणि दहाव्या वर्षी काहीही झालं तरी काढा. आपल्या उन्हात आणि परफॉर्मन्स टायरच्या बाबतीत मी पाच वर्षांनंतर घाटातल्या पावसावर भरवसा ठेवत नाही, नक्षी कितीही असो. कोणाला हे उधळेपणाचं वाटेल. वाटू दे.

याच कारणाने विकत घेतानाही तारीख बघा. जून 2020 पासून कारच्या नव्या टायरची आयात सरकारच्या परवान्याच्या यादीत गेली, आणि मोठ्या मापाचे परदेशी टायर मिळणं अवघड झालं. काही मापं गोदामात पडून राहतात. दोन वर्षं गोदामात काढलेला टायर वाईट नसतो, पण त्याचं आयुष्य सुरू झालेलं असतं. भाव करताना हे बोला.

आतली कड

आता थोडं बारकाईने. खोली मोजायचा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो. कायद्याने कारच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या उंचवट्यांची जी खूण असते ती याच उंचीची. पावसासाठी हा आकडा विसरा. तीन मिलिमीटरला मी टायर पावसातून बाद धरतो. परफॉर्मन्स टायर नवा असताना साधारण सात-आठ मिलिमीटर असतो, म्हणजे तीनला पाण्याला जायला निम्म्याहून कमी जागा उरलेली असते.

एक हिशेब करून बघा. 225 मिलिमीटर रुंद टायर, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी, वेग 80. त्या एका टायरला दर सेकंदाला पंधरा लिटर पाणी वाटेतून हटवावं लागतं. शंभरला जवळपास एकोणीस. एक मोठी बादली, दर सेकंदाला, प्रत्येक पुढच्या चाकाखालून. वेग वाढला की पाणी वाढतंच, शिवाय ते बाहेर काढायला मिळणारा वेळही कमी होतो.

पण मोजायचं कुठे? बहुतेक जण बाहेरच्या खाचेत गेज घालतात, कारण ती समोर असते. आजचे बहुतेक स्पोर्ट्स टायर असममित नक्षीचे असतात. बाहेरच्या बाजूला मोठे, घट्ट ठोकळे, कोरड्या वळणासाठी. आतल्या बाजूला जास्त आणि मोकळ्या खाचा, पाण्यासाठी. मिशेलिनने 2022 मध्ये आणलेल्या पायलट स्पोर्ट 5 वर ही वाटणी नुसत्या डोळ्यांनी दिसते. आणि स्पोर्ट्स कारची चाकं वरून थोडी आत झुकवलेली असतात, कॅम्बर उणे असतो. त्यात टो, म्हणजे वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, जरा बिघडला असेल तर आतली कड सगळ्यात आधी झिजते. म्हणजे टायरचा पाण्यासाठी केलेला भागच आधी जातो, तोही जिथे कोणी वाकून बघत नाही तिथे. बाहेर सहा मिलिमीटर, आत दोन. ही जोडी दिसली की "नक्षी भरपूर आहे, तरी तरंगते" या कोड्याचं उत्तर मिळालं.

उपाय नव्या टायरच्या आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन मोजून बरोबर करणं. तेही मागच्या चाकांसकट, आणि छापील रिपोर्ट हातात घेऊन. अलाइनमेंट न करता नवा संच टाकला तर दीड वर्षात पुन्हा इथेच याल.

मग निवडायचा कोणता?

आधी काय निवडू नये. सेमी-स्लिक, म्हणजे रेसच्या ट्रॅकसाठी केलेला, जवळपास गुळगुळीत टायर, रस्त्यावर नको. मिशेलिन कप 2, टोयो आर888आर ही मंडळी ट्रॅकवर अप्रतिम असतात. त्यांना तापमान लागतं, आणि खाचा नावापुरत्या असतात. पुण्यात कोरडं, खंडाळ्यात धो धो, पनवेलला पुन्हा कोरडं, अशा एका प्रवासात तीन हवामानं असतात, आणि रेसिंगमधल्यासारखं मध्ये थांबून टायर बदलता येत नाही. कप 2 टाकून महाबळेश्वरला पावसात जाणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही.

"ऑल सीझन" हे नाव ऐकून फसू नका. पावसासाठी हाच, असं वाटतं. पण तो बनवलेला असतो थंडी आणि थोड्या बर्फाला तोंड देण्यासाठी. चोवीस-पंचवीस अंशांच्या पावसात चांगला उन्हाळी परफॉर्मन्स टायरच जास्त धरतो, कारण त्याचं रबर याच तापमानाला काम करतं आणि त्यात सिलिका भरपूर असते. पूर्वी रबरात काजळी घालत, तीच मुख्य. 1990 च्या दशकापासून सिलिका वाढत गेली, आणि ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाची बचत या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू लागल्या.

रुंदीचा मोह आवरा. 225 च्या जागी 255 टाकला की गाडी दिसते झकास. पण त्याच वेगात आणि त्याच पाण्यात आता पंधराऐवजी सतरा लिटर हटवायचे आहेत. शिवाय जमिनीला टेकणारा ठसा गाडीच्या वजनाने आणि हवेने ठरतो. तो रुंद झाला की तेवढाच आखूड होतो, म्हणजे पाणी कापायला लांबी कमी मिळते. गाडीच्या कंपनीने दिलेलं माप पावसासाठी सहसा सगळ्यात शहाणं असतं. 225/45 आर 17 असेल तर तेच ठेवा. त्यापुढचा भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षरही खालचं घेऊ नका. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, 94 म्हणजे 670. व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू 270, वाय 300. पोर्शेसाठी टायरवर एन आणि आकडा असतो, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी. ती खूण असलेला टायर त्या गाडीसाठी जुळवलेला असतो. मिळत असेल तर तोच घ्यावा. नाही मिळाला तर चारही एकाच मॉडेलचे घ्या, अर्धे खुणेचे अर्धे बिनखुणेचे नकोत.

आता लेबलं. भारतात टायरवर जे तारे दिसतात ते इंधनाच्या बचतीचे आहेत, पावसाचे नाहीत. पाच तारे बघून पावसाचा टायर घेऊ नका. युरोपचं लेबल, मे 2021 पासूनचं, ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई असं सांगतं. आयात टायर असेल तर कंपनीच्या युरोपातल्या पानावर तुमच्या नेमक्या मापाचं अक्षर शोधा. एकाच मॉडेलच्या दोन मापांना वेगळं अक्षर असू शकतं. मी ए च्या खाली उतरत नाही, नाइलाज असेल तर बी. पण हे अक्षर नव्या टायरच्या सरळ रेषेतल्या ब्रेकचं आहे. वळण, साचलेलं पाणी, तीन वर्षांनंतरची अवस्था, यातलं काही त्यात येत नाही. अमेरिकी पद्धतीचे आकडे साइडवॉलवर असतात. त्यातलं ट्रॅक्शनचं अक्षर, एए सगळ्यात वर, हेही ओल्यातल्या सरळ ब्रेकचंच. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा प्रत्येक कंपनी स्वतः लावते, म्हणून दोन कंपन्यांत ताडून बघू नका. ढोबळ अंदाजाला तो बरा: 200 च्या आसपास असेल तर ट्रॅककडे झुकलेला, तीनशेच्या आसपास स्पोर्ट्स, चारशे-पाचशेच्या पुढे लांबच्या प्रवासाचा.

नावंच हवी असतील तर मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 किंवा 5, गुडइयर ईगल एफ1 असिमेट्रिकची मालिका, कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी6, आणि व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक व्होर्टी, जो अपोलोच्या घरातला आहे. यातला तुमच्या मापात, ताज्या तारखेचा, जो मिळेल तो घ्या. या चारांतल्या फरकापेक्षा त्यांच्यातला एक ताजा आणि दुसरा चार वर्षं जुना असण्याचा फरक जास्त जाणवेल. ज्यांची गाडी रोज ऑफिसला जाते आणि घाट महिन्यातून एकदा, त्यांना प्रीमियम टूरिंग टायरही पुरतो. पावसात तो वाईट नसतो, फक्त वळणात जरा मऊ वाटतो.

दोनच टायर बदलताय?

इथे दुकानात वाद ठरलेला. "साहेब, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, नवे पुढेच टाका ना." ऐकू नका. पुढे ओढणाऱ्या गाडीतही नवी जोडी मागे जाते. पुढची पकड सुटली तर स्टिअरिंगला कळतं, गॅस सोडला की बहुतेक वेळा परत येते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. मापं पुढे-मागे वेगळी असतील तर हा पर्याय उरतच नाही. जी जोडी संपली ती त्याच मॉडेलने बदला आणि मागची जोडी पुढच्यापेक्षा जुनी होऊ देऊ नका. एका दिशेच्या नक्षीचा टायर असेल तर बाण पुढे फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते गाडी लिफ्टवरून उतरायच्या आधी चारही चाकांवर बघा. उलटा बसलेला टायर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्ये गोळा करतो.

जर्मनीत, इंग्लंडात असाल तर

वरचा बराचसा हिशेब बदलतो, कारण तिकडे पाऊस पाच अंशांत पडतो. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. म्युनिकमध्ये नोव्हेंबरच्या ओल्या सकाळी पुण्यातला लाडका टायर निरुपयोगी ठरतो. तिथे दोन संच ठेवणं हाच मार्ग. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत योग्य टायर लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर 2024 पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं, नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फाची जुनी खूण) चालत नाही. इंग्लंडात तशी सक्ती नाही, आणि गाडी एकच, पार्किंग एकच असेल तर तिथे त्याच चिन्हाचा चांगला ऑल सीझन मी समजू शकतो.

टाकल्यावर

नवे टायर मेच्या मध्यात टाका, पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी नको. साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर घासून जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर नवा टायरही ओल्यात निसटतो. हे माहीत नसलेले लोक नव्या संचाला पहिल्याच दिवशी शिव्या देतात. पंधरवड्याने सकाळी, टायर गार असताना, हवा पुन्हा तपासा.

पुढे जुलैत नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्याच वेगात, ईएसपीच्या दिव्यावर लक्ष ठेवा. पकड कुठे संपते हे तो तुमच्या आधी सांगतो, फक्त ती वाढवत नाही. नवे टायर, बरोबर हवा, अलाइनमेंटचा रिपोर्ट हिरवा, आणि तरीही त्याच खडबडीत वळणावर दिवा लागत असेल तर टायरचा विषय तिथे सोडा आणि शॉकॲब्सॉर्बर तपासायला गाडी द्या. संपलेला शॉक चाक उसळू देतो, आणि उसळलेलं चाक त्या क्षणाला रस्त्यावर नसतं. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या, मूळ शॉकवरच चालणाऱ्या गाड्यांत ही शंका सगळ्यात आधी घ्यावी.